वाट पनवेलला संपते

पुण्याहून मुंबईला पायी निघालेला माणूस पूर्वी चालत मुंबईला पोहोचतच नसे. तो पनवेलला पोहोचे. पुढे खाडी. भरतीची वेळ साधून मचव्यात बसायचे, वारा देईल त्या गतीने बेलापूरच्या अंगाने बाहेर पडायचे आणि मुंबई बंदरात उतरायचे. म्हणजे पायांचा प्रवास पनवेलला संपे आणि उरलेला प्रवास वाऱ्याच्या आणि चंद्राच्या मर्जीवर चाले. मुंबईकडून देशावर येणाऱ्याचा क्रम याच्या उलट. त्याच्या पायाला माती लागे ती पनवेलच्या बंदरावर, आणि समोर दिसे ती सह्याद्रीची भिंत.

आज कळंबोलीच्या पुलांच्या गुंत्यात ज्याची मोटार अडकली आहे त्याला हे सांगून पटायचे नाही. पण पनवेल हे एके काळी देशाचे दार होते. वर जाणारे मीठ आणि खाली येणारे धान्य, दोन्ही बैलांच्या पाठीवरून याच दारातून जात-येत. गाड्यांचा रस्ता झाल्यावर इथली चाके नावाजली. गाडी घेऊन देशावरून उतरलेला गाडीवान परत जाताना पनवेलचे चाक घेऊन जाई. ज्या गावात चाक करणारा सुतार श्रीमंत होतो, त्या गावाचा धंदा म्हणजे रस्ता, हे वेगळे सांगायला नको.

या दारातून नाना तऱ्हेची माणसे आत आली. नोव्हेंबर 1778 मध्ये राघोबादादांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज इथे उतरली. सैनिक सुमारे 3,900 आणि त्यांच्या सामानाला बैल 19,000! घाट चढून कार्ल्यापर्यंत जाता जाता नवे वर्ष उजाडले. तिथे 4 जानेवारी 1779 रोजी कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी त्याच्या शौर्यावर खूश होऊन त्याला ‘इष्टूर फाकडा’ करून टाकले आणि वडगावला आजही त्याची समाधी दाखवतात. बाकीच्या फौजेने तळेगावच्या तळ्यात तोफा बुडवल्या, मागे फिरली आणि वडगावला तह करून बसली. पुढे डिसेंबर 1809 मध्ये मारिया ग्रॅहम नावाची एक चौकस बाई याच वाटेने पुण्यास गेली आणि तिने प्रवासाची रोजनिशी छापली. 1825 च्या पावसाळ्याच्या तोंडी बिशप हेबर गेला. त्यानेही लिहून ठेवले. पालखीत बसणाऱ्यांना लिहायला फुरसत असते. पालखी उचलणाऱ्या भोयांनी पनवेल ते खंडाळा ही वाट कशी वाटली ते लिहिलेले नाही.

माझा खरा विषय इथे सुरू होतो.

घाटाचा रस्ता तोफा जाण्याजोगा करण्याचे काम 1804 च्या सुमारास आर्थर वेलस्लीने करवले. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. चाकाच्या गाड्यांसाठी पक्का रस्ता मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 10 नोव्हेंबर 1830 रोजी खुला केला. त्यानंतरची पंचवीस वर्षे ही पनवेलची भरभराटीची. 1852 साली इथे नगरपालिका आली, 1849 साली बेने इस्रायलांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर उभे राहिले. मग 1856 मध्ये आगगाडी कर्जतच्या अंगाने खोपोलीला पोहोचली आणि मुंबईच्या उतारूला पनवेलला उतरण्याचे कारणच राहिले नाही. 1858 मध्ये वर खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली, 1863 मध्ये मधला बोरघाटही जोडला गेला. पनवेलला स्वतःचे रूळ मिळायला 1964 साल उजाडावे लागले. शंभर वर्षे हे दार असेच अर्धवट लोटलेले राहिले.

आता दुसरी एक तारीख याच्या शेजारी ठेवून पाहा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती 1854 साली. भाऊ दाजींचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले आपले छायाचित्रकार. म्हणजे ज्या सुमारास पनवेलची पायवाट ओस पडू लागली त्याच सुमारास ती टिपू शकणारे यंत्र मुंबईत रुजले. दोघांची चुकामूक झाली. भोई, लमाण, हमाल, पायी जाणारे जासूद, डोक्यावर गाठोडे घेतलेल्या बाया हे या वाटेचे खरे मालक, आणि छायाचित्रांच्या खजिन्यात त्यांचा हिस्सा नगण्य आहे.

बोरघाटाची जुनी छायाचित्रे आहेत, आणि ती एका बाईंनी काढली आहेत. घाटातल्या लोहमार्गाचा पहिला कंत्राटदार 1859 मध्ये बाजूला झाला आणि सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्लंडहून नवा आला. आला तो काही दिवसांतच वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, बोट धरून परत जाण्याऐवजी कंत्राट स्वतःच्या नावावर चालवले, दोन अनुभवी इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेले. पावणेसोळा मैलांत 1,831 फूट चढ आणि 25 बोगदे! या धामधुमीत बाईंनी कॅमेराही चालवला. लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने तिचे आल्बम जपून ठेवले आहेत.

त्या काळचे छायाचित्र काढणे म्हणजे हलवायाचे काम होते. काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यायचा, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ती बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. म्हणजे बरोबर काळोखा तंबू हवा, पाणी हवे, औषधांच्या बाटल्या हव्यात आणि हे सारे कड्यावर वाहून नेणारे हमाल हवेत. शिवाय त्या काचेला निळा रंग फार लवकर लागे, म्हणून आभाळ कोरे पांढरे येई. आणि भिंगावरचे झाकण काही सेकंद काढून ठेवावे लागे. तेवढ्या वेळात जो हलला त्याचे धुके होई, आणि जो चालत निघून गेला तो चित्रात उरतच नसे. जानेवारी 1861 मध्ये या घाटात 42,000 माणसे कामावर होती. देशावरच्या खेड्यांतून कोरड्या हंगामात ती पायी येत, पटकीने आणि तापाने छावण्यांत मरत, पावसाळ्यात उरलेली पायी परत जात. त्या पद्धतीच्या चित्रांत दगड स्वच्छ येतो, पूल स्वच्छ येतो. माणूस येतो तो फक्त थांबलेला.

हे वाचनात आल्यापासून माझ्या डोक्यात एक खूळ शिरले. पुण्याहून पनवेलपर्यंत जुन्या रस्त्याने चालत जायचे आणि वाटेत फक्त चालणारी माणसे टिपायची. तीही काळ्या-पांढऱ्यात, कारण ज्यांची चित्रे राहून गेली त्यांच्या आल्बमात रंगीत पान शोभणार नाही. घरात वडिलांचा दोन भिंगांचा जुना कॅमेरा होता. पोटाशी धरून वरून खाली पाहायचे, तसला. एका गुंडाळीत बारा चित्रे. पाच गुंडाळ्या घेतल्या. साठ चित्रे आणि एकशे दहाच्या वर किलोमीटर, म्हणजे प्रत्येक बटण दाबण्यापूर्वी विचार करणे भागच होते. मोबाईलवर दिवसाला तीनशे चित्रे काढणाऱ्या माझ्या पुतण्याने या हिशेबाला हात जोडले.

7 नोव्हेंबर 2025 ला सकाळी निघालो. पुणे ते तळेगाव या टप्प्याविषयी न लिहिलेले बरे. धूर, भोंगे आणि पत्रे ठोकलेली पदपथाची कामे यांतून वाट काढली एवढेच. वडगावपासून हवा बदलते. कार्ल्याला मात्र वाट सोडून वर गेलो, कारण तिथल्या लेण्यात एक गोष्ट डोळ्यांनी पाहायची होती. दोन हजार वर्षांपूर्वी हाच घाट चढून-उतरून व्यापार चाले, आणि ज्यांनी लेण्याला दान दिले त्यांनी दगडात नावे कोरून ठेवली. त्यांत धेनुकाकट गावचा गंधी सिंहदत्त आहे, आणि त्याच गावचा सामी नावाचा सुतार आहे, वेणुवासाचा मुलगा. त्याने दाराचे काम केले. कॅमेरा नव्हता, कागद नव्हता, पण सुताराचे नाव बापाच्या नावासकट शाबूत आहे. बोरघाटाच्या 42,000 माणसांना हे भाग्य लाभले नाही.

पायी चालण्याची आमच्या बाजूची सर्वांत मोठी हकिकतही याच मुलखातली आहे. पनवेलच्या दक्षिणेला पेण तालुक्यात वरसई गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे 1857 साली चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. लुटले गेले, उपाशी राहिले आणि तरी आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आले. चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला म्हणून 1883 मध्ये त्यांनी ते लिहून काढले आणि 1907 मध्ये ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापले गेले. भटजी वाटचाल करीत होते त्याच वर्षांत त्यांच्या घराच्या उत्तरेला हा घाट फुटत होता. एका गरीब ब्राह्मणाला लिहिता येत होते म्हणून त्याचे पाय आपल्याला दिसतात. लिहिता न येणाऱ्यांची वाट कोण सांगणार?

खंडाळ्याहून उतरायला लागलो तो दिवस 10 नोव्हेंबर होता. माल्कमच्या रस्त्याला त्या दिवशी 195 वर्षे झाली. ठरवून केलेले नव्हते, पण इतिहासाच्या वेडाला असला योगायोग पेढ्यासारखा गोड लागतो. अमृतांजनची जाहिरात अंगावर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला इंग्रजी अमदानीतला पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला. त्याच्या जागेवरून आता आभाळ दिसते. त्याखाली जुना रस्ता वळणे घेत उतरतो आणि एका वळणावर शिंग्रोबाचे देऊळ लागते.

शिंग्रोबाची कथा घाटातल्या प्रत्येक ट्रकवाल्याला ठाऊक आहे. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना. शिंग्रोबा धनगराने आपली मेंढरे ज्या वाटेने चढत-उतरत ती दाखवली. बक्षीस काय हवे म्हणून साहेबाने विचारले, तेव्हा तो म्हणाला की आम्हांला स्वातंत्र्य द्या. साहेबाने गोळी घातली. ही लोककथा आहे, दप्तरातला पुरावा नव्हे. घाट इंग्रजांच्या दोन हजार वर्षे आधीपासून वाहता होता हे कार्ल्याचे लेणे सांगते. पण कथा खोटी म्हणून बाजूला सारायला मी तयार नाही. मोजणीदाराने दुर्बिणीतून जी रेघ नकाशावर ओढली, ती बहुधा कोणाच्या तरी पायांनी आधी ओढलेली असते. एवढी गोष्ट लोकांनी लक्षात ठेवली आणि तिला शेंदूर लावला. चालकांच्या खिडकीतून पडणारी नाणी माझ्या समोर देवळाच्या पायरीवर वाजत होती.

आणि तिथेच मला माझी माणसे भेटली. कार्तिक वद्यात कोकणातून आळंदीला दिंड्या जातात. उरण, पनवेल, पेण, खालापूर या भागांतले वारकरी याच घाटाने वर चढतात. पुढे पताका, मध्ये वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया आणि सर्वांत शेवटी सामानाचा आणि पाण्याचा टेम्पो. मी उतरत होतो, ते चढत होते. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याच्या काचेत चित्र उजव्याचे डावे दिसते. त्यामुळे आळंदीला निघालेली सारी दिंडी माझ्या काचेत पनवेलकडे परत चालली होती! चक्रावलो, पण मौज वाटली.

एक टाळकरी बाजूला होऊन म्हणाला, “माउली, उलटे कुठं निघालात?”

“पनवेलला.”

“पनवेल तर आम्ही मागं टाकून आलो. आता तिथं काय ऱ्हायलंय?”

त्याच्यामागून येणाऱ्या एका म्हातारीला कॅमेऱ्याचे फार नवल वाटले. तिने विचारले, “फोटो रंगीत येतो का रे?” नाही म्हटल्यावर ती मनापासून हसली. “मग आम्ही मेल्यावर भिंतीवर लावाया बरा!” तुळस डोक्यावर तशीच, आणि थांबली म्हणून नाही. त्या एका घाटात माझ्या दोन गुंडाळ्या संपल्या. रेल्वेच्या बोगद्याच्या तोंडाकडे पाहत मनात आले की 1861 च्या हिवाळ्यात कामावर येणाऱ्यांची रांग वरून अशीच दिसली असेल. फक्त त्यांच्या पुढे पताका नसेल.

खोपोलीला नाना फडणविसांचे तळे आहे आणि काठावर वीरेश्वराचे देऊळ. घाट चढण्याआधी माणसाला आणि बैलाला पाणी मिळावे म्हणून बांधलेले. पेशवाईतल्या कारस्थानांचे नाना सर्वांना ठाऊक असतात, वाटसराच्या घशाची काळजी करणारे नाना खोपोलीत भेटतात. मी तिथे पाय बुडवून अर्धा तास बसलो आणि त्यांचे सारे राजकारण माफ केले.

खालापूर मागे टाकून चौकला पोहोचलो तेव्हा उजव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका आला. त्याच्या पोटातली इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली. 27 जणांचे देह सापडले, 57 जण तिथेच राहिले. वाडीला मोटारीची वाट नव्हती, म्हणून मदत करणारेही त्या पावसात पायीच चढले. खाली दोन-दोन महामार्ग आणि वर पायवाट, हे अंतर चालल्याशिवाय कळत नाही. चौकच्या बाजारात वरच्या वाड्यांतल्या ठाकर बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन चालत होत्या. चित्र घेऊ का म्हणून विचारले. एकीने मान हलवून नकार दिला, तेव्हा कॅमेरा बंद केला आणि पुढे चालू लागलो.

शेडुंग, मग पळस्पे. इथे गोव्याचा रस्ता येऊन मिळतो. 12 नोव्हेंबरला दुपारी पनवेलमध्ये शिरलो तेव्हा माझ्याजवळ तीन चित्रे उरली होती. पनवेल हे तळ्यांचे गाव आहे. वडाळे तळे, कृष्णाळे तळे, इस्रायल तळे अशी नावे आहेत. वडाळे तळ्यावर एक चित्र खर्ची घातले, कारण तिथे पाच-सहा वृद्ध गृहस्थ भराभर फेऱ्या मारीत होते. हेही चालणारेच. फरक इतकाच की यांना कुठे जायचे नव्हते.

तिथून खाडीकडे निघालो. जुन्या बंदराची वाट विचारली तर तरुणांनी मला विमानतळाची वाट दाखवली. त्यांचेही चुकत नव्हते. नव्या विमानतळाचे उद्घाटन महिन्यापूर्वी, 8 ऑक्टोबरला झाले होते आणि पहिली विमाने 25 डिसेंबरला उडायची होती. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. गाव पुन्हा एकदा दार होऊ घातले होते, या वेळी आकाशाचे. एका जुन्या दुकानदाराने मात्र चष्मा वर करून विचारले, “बंदर? कोळीवाड्यात जा. पाणी असेल तर दिसेल.”

पाणी नव्हते. ओहोटी होती. गाळ, तिवरांची झाडी, कलंडलेल्या दोन होड्या आणि पलीकडे उंच इमारतींची रांग. 19,000 बैल, मारिया ग्रॅहमची पालखी, बिशपचे सामान, गाडीभर चाके, मिठाच्या गोणी हे सारे जिथे चढले-उतरले ती जागा एखाद्या अंगणापेक्षा मोठी वाटत नव्हती. गाळाचे एक चित्र घेतले. त्यात माणूस नाही. साठांतले तेवढे एकच माझ्या नियमाबाहेरचे.

शेवटच्या चित्रासाठी उभा राहिलो. ऊन पिवळे होऊन उतरत होते. कोळीवाड्याच्या बाजूने एक बाई डोक्यावर माशांची टोपली घेऊन झपझप येत होती. मी काचेत पाहून अंतर जुळवले. ती आणखी चार पावले टाकील आणि नेमकी होडीच्या पुढे येईल, असा अंदाज होता. तेवढ्यात तिने मला पाहिले आणि ती उभी राहिली.

मी म्हणालो, “मावशी, थांबू नका, चालत राहा. चालतानाचाच हवा आहे.”

“चालतानाचा कशाला?” ती म्हणाली. “चालताना तोंड नीट येत नाही. थांबते की जरा. नीट काढ.”

तिने पदर सारखा केला, हनुवटी वर उचलली आणि थेट भिंगाकडे पाहिले. बोरघाटाच्या पुलांवर झाकण काढून ठेवल्यावर जे काही सेकंद स्तब्ध उभे राहिले, त्यांना साहेबाने दटावून थांबवले असेल असेच मी इतके दिवस धरून चाललो होतो. मुकादम ओरडला म्हणून काही जण थांबलेही असतील. पण कोणीतरी असेही असेल, ज्याने हातातली घमेली खाली ठेवली, मुंडासे सारखे केले आणि ठरवले की आपण दिसायचे.

मी बटण दाबले. गुंडाळी पुढे सरकून मोकळी फिरली. बाईने विचारले, “झाला का?” झाला म्हटल्यावर ती बाजाराकडे चालू लागली. एवढ्या वेळात टोपली तिने खाली ठेवली नव्हती.